कॅज्युअल्टीची वही

कॅज्युअल्टीच्या टेबलावर दोन वह्या असत. एक साधी, येणाऱ्या प्रत्येकाची. ताप, पोटदुखी, कुत्रा चावला, घशात काटा अडकला, सगळं तिच्यात एकेका ओळीत. दुसरी जाड पुठ्ठ्याची, पोलीस केसची. तिला आम्ही एमएलसीचं रजिस्टर म्हणायचो. पहिलीची पानं सुटून गेली तरी कोणी विचारत नसे. दुसरी कपाटात कुलूप लावून ठेवायची, कारण तिच्यासाठी कोर्टाचं समन्स येई, कधी तर डॉक्टर बदलून गेल्यावर चार-पाच वर्षांनी.

महापालिकेच्या एका रुग्णालयात सीएमओ (कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर) म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली ती या दुसऱ्या वहीवर मान घालून. तिचे रकाने अजून पाठ आहेत. नाव, वय, पत्ता. कोणी आणलं, हवालदाराने आणलं असेल तर त्याचा बक्कल नंबर. अंगावरच्या दोन ओळखखुणा (गालावर तीळ, गुडघ्यावर जुना व्रण, काही सापडेना तर तीळ हुडकत बसायचं). डाव्या अंगठ्याचा ठसा. तोंडाला दारूचा वास येतो का, चाल अडखळते का. जखमेची लांबी, रुंदी, खोली. हत्यार बोथट की धारदार. जखम किती वेळापूर्वीची. श्वास मिनिटाला किती, याला रकाना नव्हता. नाडीला होता, पण तिथं बहुतेक वेळा एकच आकडा पडलेला असे, आणि तो मोजलेला असेलच असं नाही.

म्हणजे आमच्या विभागात लिहिणं भरपूर होतं, पण ते पोलिसांसाठी आणि न्यायाधीशांसाठी. रुग्ण आला तेव्हा कसा होता, आपण काय केलं आणि त्याचं पुढं काय झालं, या तीन गोष्टी एका पानावर कधीच येत नसत. आपण आज केलं ते बरं की वाईट, हे कळायला दुसरा मार्ग कोणता? मला या विभागाचा इतिहास सांगायचा झाला तर तो यंत्रांचा किंवा इमारतींचा सांगणार नाही. दारात उभ्या राहिलेल्या कोणीतरी निराळ्या नोंदी ठेवायला घेतल्या आणि मग उपचार बदलले, असा तो इतिहास आहे. सलग मात्र नाही.

एमएलसीच्या वहीने आणखी एक करून ठेवलं होतं. पोलीस केस म्हटली की खासगी दवाखाना हात वर करी. ‘म्युनिसिपालिटीत न्या’ हे वाक्य जखमी माणसाला त्याच्या नावाआधी ऐकू येई. ठरावीक सरकारी रुग्णालयांनीच असे रुग्ण घ्यायचे, हा समज इतका घट्ट होता की स्कूटरवरून जाताना गाडीने उडवलेल्या एका माणसाला जवळच्या रुग्णालयाने घेतलं नाही, वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं आणि तो वाटेत गेला. ही बातमी वाचून पंडित परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल लागला: डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणं आधी, कायद्याचे सोपस्कार नंतर. निकालाची बातमी आमच्या स्टाफरूममध्येही वाचली गेली. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सगळं बदललं असं मात्र नाही. रस्त्यावरच्या जखमीला उचलून आणणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, हे न्यायालयाला पुन्हा २०१६ मध्ये सांगावं लागलं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात तसं कलम घालावं लागलं.

वहीमागच्या खुर्चीत कोण बसे, हे सांगायला हवं. सीएमओ, हाताखाली इंटर्न, सिस्टर, एक ड्रेसर, दोन-तीन हमाल, एक मावशी. रुग्ण अत्यवस्थ असला तर हमाल कॉल बुक घेऊन वरच्या मजल्यावर पळे. सर्जरीचा रजिस्ट्रार ऑपरेशनमध्ये, मेडिसिनचा राउंडवर. तो सही करी, ‘सीन’ असं लिही आणि येतो म्हणून सांगे. फोन आले तरी कॉल बुक बरीच वर्षं पळत होतं, कारण पुढं चौकशी झालीच तर सही दाखवता येते. इंटर्नला टाके घालायला आम्ही डॉक्टरांनी शिकवलं असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. ते ड्रेसर शिकवी. सुई कशी धरायची, भुवईवरचा टाका भुवई न भादरता कसा घ्यायचा, दारू प्यालेल्याशी कुठल्या सुरात बोलायचं, हे सगळं त्याच्याकडून. सरकारी कागदावर त्याचं काम फक्त पट्टी बांधणं. आणि इंटर्न तरी किती टिकणार? १९९७ च्या नियमांत वर्षभराच्या इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीला १५ दिवस होते. डोळ्यांनाही १५ आणि नाक-कान-घशालाही १५.

सगळ्यात आजारी माणसासमोर सगळ्यात नवा डॉक्टर उभा करायचा, ही रीत काही आपण काढलेली नाही. १८४५ मध्ये भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे.जे. उभं राहिलं. १९२६ मध्ये परळला सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम आलं, ते तर इथं भारतीय डॉक्टरच शिकवतील या बाण्याने. माणसं आपली आली, पण नकाशा विलायतीच राहिला. नामवंत सर्जन आणि फिजिशियन आपापल्या युनिटमध्ये वर, दाराशी नवखा. खुद्द विलायतेत त्या नकाशाला पहिला छेद लीड्समध्ये गेला. लीड्स जनरल इन्फर्मरीने १९५२ मध्ये मॉरिस एलिस यांना कॅज्युअल्टीचे कन्सल्टंट नेमलं. वरिष्ठ डॉक्टरने हा विभाग हेच आपलं काम मानावं, ही कल्पना तोवर तिकडेही कोणाच्या गळी उतरलेली नव्हती. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने विभाग नीट चालवायला वरिष्ठ माणूस हवा हे मान्य केलं आणि तो प्रामुख्याने हाडांचा सर्जन असावा असं सुचवलं. प्लॅट स्वतः हाडांचे सर्जन. छातीत कळ आलेल्याने आणि विष प्यालेल्याने कोणाकडे बघायचं, हा प्रश्न तिथंच राहिला. १९६७ मध्ये कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी आपली संघटना काढली, एलिस तिचे पहिले अध्यक्ष, आणि १९७२ पासून सरकारने प्रयोग म्हणून तीसेक कन्सल्टंट नेमले. इंग्रज माणूस एखादी गोष्ट प्रयोग म्हणून सुरू करतो तेव्हा ती टिकते, असा माझा अनुभव वाचनातला आहे.

अमेरिकेत सगळं उशिरा आणि धडाक्यात. १९६६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल काढला. त्यातली एक माहिती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुन्हा वाचली: देशातली निम्म्याच्या आसपास रुग्णवाहिका-सेवा अंत्यविधीचा धंदा करणारे चालवत होते. कारण सरळ होतं. आडवं झोपवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच होती. युद्धात गोळी लागलेला सैनिक शहरातल्या रस्त्यावर जखमी झालेल्यापेक्षा वाचण्याची शक्यता जास्त, असंही त्यात जाणकारांच्या हवाल्याने म्हटलं होतं.

याच सुमारास पिट्सबर्गमध्ये पीटर सफार होते. व्हिएन्नात वाढलेला हा भूलतज्ज्ञ. तोंडाने श्वास देण्याची आजची पद्धत रुजवण्यात त्यांचा मोठा हात. १९६६ मध्ये त्यांची शाळकरी मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. पुढच्या वर्षी शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत ‘फ्रीडम हाऊस’ नावाची रुग्णवाहिका-सेवा उभी राहिली आणि सफार यांनी तिच्यासाठी अभ्यासक्रम रचला. तोवर त्या वस्तीत आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी येई. मागे टाकायचं आणि दामटायची, वाटेत उपचार काही नाही. फ्रीडम हाऊसने घेतली ती त्याच वस्तीतली माणसं. कोणी बेकार, कोणी व्हिएतनामहून परतलेला, काहींची शाळाही पुरी नाही. त्यांना सुमारे तीनशे तास शिकवलं: श्वासमार्ग मोकळा करणं, सलाईन लावणं, हृदय थांबलं तर काय करायचं, बाळंतपण. पुढं डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या. त्या स्वतः गाडीत बसून कॉलवर जात, आणि त्या अनुभवातून त्यांनी पॅरामेडिकांसाठी पाठ्यपुस्तक लिहिलं, जे आजही नव्या आवृत्त्यांत वापरलं जातं. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली, फ्रीडम हाऊस बंद केलं, आणि ज्यांनी हे काम करून दाखवलं त्यांतले बहुतेक जण नव्या सेवेत हळूहळू मागे पडले. पाठ्यपुस्तक राहिलं, माणसं गळली. आमच्या ड्रेसरची आठवण इथं येते, ती का ते मी सांगत नाही.

रुग्णालयांच्या आत १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या जेम्स मिल्स यांनी तीन सहकाऱ्यांसह आपापली प्रॅक्टिस सोडली आणि चौघांनी मिळून चोवीस तास आपत्कालीन विभागच सांभाळायला घेतला. १९६८ मध्ये मिशिगनमधल्या मूठभर डॉक्टरांनी संघटना काढली. १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचं पहिलं रेसिडेन्सी प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या वर्षी विद्यार्थी एकच, ब्रूस जॅनियाक. १९७९ मध्ये तिथं ही स्वतंत्र शाखा ठरली. सनावळी इथं पुरे.

कारण खरी उलथापालथ केली ती नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतात पडलेल्या एका विमानाने. फेब्रुवारी १९७६. जेम्स स्टायनर हे लिंकन शहरातले हाडांचे सर्जन, आपलं छोटं विमान स्वतः चालवत कुटुंबासह परतत होते. विमान कोसळलं, पत्नी जागीच गेली. चार मुलं होती, त्यांतली तीन गंभीर जखमी. स्वतः जखमी असलेल्या स्टायनरनी मुलांना बाहेर काढलं, थंडीत कपड्यांनी झाकलं, रस्त्यावर येऊन एक गाडी थांबवली आणि जवळच्या हेब्रन गावातलं रुग्णालय गाठलं. दाराला कुलूप. डॉक्टर आले, पण जखमींकडे कुठल्या क्रमाने बघायचं याची त्यांना काही शिस्त नव्हती. शेतात, अंधारात, हातात काही नसताना मी मुलांसाठी जे केलं ते इथं रुग्णालयात झालं त्याहून बरं होतं, अशा अर्थाचं स्टायनर पुढं सांगत. त्यांनी त्या गावच्या डॉक्टरांना दोष देण्यात आयुष्य घालवलं नाही. त्या डॉक्टरांना हे कोणी शिकवलंच नव्हतं, हे त्यांनी ओळखलं. मग लिंकनमधल्या सहकाऱ्यांना घेऊन अभ्यासक्रम आखला. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. एका पायरीवरचा धोका टळल्याशिवाय पुढची पायरी नाही. तुटलेला पाय कितीही भयंकर दिसो, त्याचा नंबर नंतर. १९७८ मध्ये नेब्रास्कातल्याच ऑबर्न गावात पहिला वर्ग झाला, १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो देशभर नेला, आणि आज ‘एटीएलएस’ या नावाने तो जगभर शिकवतात.

यातलं नवं काय, असं वाचकाला वाटेल. श्वास आधी हे कोणाला कळत नाही? कॅज्युअल्टीत कळत नाही. तिथं ट्रॉली आत येते तेव्हा पंधरा माणसं एकदम ओरडत असतात, आणि डोळा जातो तो रक्ताकडे. जो ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलेल्याकडे आधी बघ, हे शिकवावंच लागतं. परीक्षा घेऊन, पुन्हा पुन्हा.

मोजण्याचं असंच. बेशुद्धीबद्दल आमच्या वहीत ‘शुद्धीत’, ‘अर्धवट शुद्धीत’, ‘बेशुद्ध’ असे शब्द असत, आणि रात्रपाळीचा अर्धवट सकाळपाळीच्या अर्धवटाशी जुळत नसे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये ते तीन प्रश्नांवर आणलं: डोळे कशाला उघडतो, बोलतो काय, हात कसे हलवतो. गुणांची बेरीज कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. यंत्र नाही, तपासणी नाही, खर्च नाही. रात्री आठ होता तो पहाटे सहा झाला, एवढं कळलं की न्यूरोसर्जनला उठवायला निमित्त सापडतं.

आता महाड. १९७६ मध्ये जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, नागपूरला एमबीबीएस झालेला एक तरुण डॉक्टर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू. पावसाच्या तोंडावर आणि भातकापणीच्या दिवसांत दंशाचे रुग्ण येत. घामाने निथळलेले, हातपाय थंडगार, उलट्या, मग काही तासांत धाप आणि तोंडातून गुलाबी फेस. शंभरातले पंचवीस-तीस दगावत, पुष्कळशी मुलं. पुस्तकात विंचवावर फारसं नव्हतं. जो तो ॲलर्जीची औषधं, स्टेरॉइड, ॲट्रोपिन देई. मांत्रिकाचं त्याआधी मंतरून झालेलं असे.

बावस्करांनी केलं ते असं की ते रुग्णाशेजारी बसले. रात्रभर. नाडी, रक्तदाब, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, तासातासाने लिहीत गेले. त्या नोंदींतून दिसलं की ही ॲलर्जी नव्हे. विष शरीराच्या स्वतःच्या ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर सोडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय त्या दाबापुढे हरतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. म्हणजे जी औषधं दिली जात होती त्यांचा उपयोग नव्हता, काहींचा तर अपायच होत होता. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिलं की कोणता रुग्ण बिघडणार हे सुरुवातीच्याच लक्षणांवरून ओळखता येतं. मधे पुण्याला बी.जे. मेडिकलमध्ये एम.डी. केलं आणि पुन्हा त्याच मुलखात, पोलादपूरला परतले. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन रुग्ण वाचतात हे आधी दिसलं. पण ते थेंबाथेंबाने, सतत रक्तदाब मोजत द्यायचं औषध, खेड्यात कोण देणार? मग रक्तदाबावरची एक साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. प्राझोसिन. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. त्यांच्या नोंदींनुसार मृत्यूचं प्रमाण टक्क्याच्या आसपास उतरलं. पुढं विंचवाची लस निघाली तेव्हा ते प्राझोसिनला कवटाळून बसले नाहीत. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले, एकाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि लस. दोन्ही मिळून दिलं तर रुग्ण लवकर सावरतो, असा निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली. मला त्याहून मोठं वाटतं ते हे की घाटावर-कोकणात कुठल्याही केंद्रावर आज विंचू चावलेलं पोर आणलं तर ड्यूटीवरच्या बंधपत्रित डॉक्टरला गोळीचं नाव माहीत असतं.

मुंबईत आमच्याकडे संदर्भग्रंथालय होतं, प्राध्यापक होते, दर शनिवारी केस-चर्चा होत्या. तरी असा शोध आमच्या विभागातून निघाला नाही. कारण रुग्ण पंधरा मिनिटांत वर जाई आणि पुढचं आम्हाला कळत नसे. बिरवाडीत वर पाठवायला वरचा मजलाच नव्हता.

स्टेरॉइडचं नाव आलंच आहे तर ते पूर्ण करते. डोक्याला मार लागून आलेल्याला मॅनिटॉल आणि डेक्सा नावाचं स्टेरॉइड, ही आमची जोडी. मेंदूची सूज उतरावी म्हणून. डॉक्टर बदलत, जोडी बदलत नसे. जगात बऱ्याच ठिकाणी तीसेक वर्षं असंच स्टेरॉइड चालू होतं, कारण तर्क पटण्यासारखा होता आणि एकेकट्या डॉक्टरला काही वावगं दिसत नव्हतं. मग लंडनहून ‘क्रॅश’ नावाची चाचणी निघाली. शंभरेक रुग्णांची नव्हे, ४९ देशांतल्या १०,००८ रुग्णांची. कोणाला स्टेरॉइड, कोणाला नुसतं पाणी, हे चिठ्ठीवर. २००४ मध्ये निकाल छापला: दोन आठवड्यांत स्टेरॉइडच्या गटात १०० मागे २१ गेले, दुसऱ्या गटात १८. चाचणी मधेच थांबवावी लागली. शंभरात तीन. एका कॅज्युअल्टीत, एका पाळीत हा फरक कोणाच्या बापाला दिसला नसता. कित्येक वर्षांच्या अनुभवावर बोलणारे आम्ही लोक या आकड्यापुढे काय बोलणार? अनुभवाने हात सरावतात, नजर तयार होते, रागावलेल्या नातेवाइकांना आवरता येतं. शंभरातले तीन मात्र अनुभवाला दिसत नाहीत.

‘क्रॅश’वाल्यांनीच पुढची चाचणी रक्तस्रावावर घेतली. औषध जुनं, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. जपानच्या उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुढं आणलं, बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी. संशोधनाच्या काळात तान्ही मुलगी पाठीला बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत उभ्या असत. आमच्याकडे हे औषध स्त्रीरोगवाल्यांच्या कपाटात, पाळी फार जाते म्हणून द्यायचं. अपघाताच्या ट्रॉलीवर ते कोणाच्या मनात आलं नव्हतं. ‘क्रॅश-२’ मध्ये ४० देशांतली २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी, आणि त्यांत भारतीय रुग्णालयांचा वाटा मोठा. २०१० मध्ये निकाल आला: औषध दिलेल्यांत १०० मागे १४.५ मृत्यू, न दिलेल्यांत १६. पुढच्या वर्षी आकडे पुन्हा चाळले तेव्हा कळलं की वेळ सगळ्यात महत्त्वाची. पहिल्या तासात उत्तम, तीन तासांपर्यंत उपयोग, तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो.

‘गोल्डन अवर’ हा शब्द बॉल्टिमोरचे सर्जन काउली यांनी लोकप्रिय केला आणि आता तो जाहिरातींच्या फलकांवरही असतो. नेमका साठच मिनिटांचा आधार कुठल्या अभ्यासात आहे, हे शोधायला गेलेल्यांना तो सापडला नाही. तीन तासांची मर्यादा मात्र मोजून काढलेली आहे, तिच्यावर कोणी फलक लावत नाही.

इकडे आपल्याकडे शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मध्ये लष्करी बराकींत सुरू झालं. मुंबईतून बाहेर पडणारे हमरस्ते तिथून जवळ, लोकलचे रूळ शेजारून. त्यामुळे जखमींची रीघ कधी तुटली नाही आणि ट्रॉमाचं वेगळं काम तिथं लवकर रुजलं. ११ जुलै २००६ ला अकरा मिनिटांत लोकलमध्ये सात स्फोट झाले. रुळांलगतच्या झोपड्यांतल्या लोकांनी चादरींत घालून जखमी उचलले, मिळेल त्या टॅक्सी-टेम्पोत टाकले. त्या संध्याकाळी शहराची रुग्णवाहिका-सेवा म्हणजे ती माणसं होती. भारतीय वैद्यक परिषदेने इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली ती २००९ मध्ये, सिनसिनाटीनंतर जवळपास चाळीस वर्षांनी. महाराष्ट्रात १०८ च्या ९३७ गाड्या २०१४ मध्ये धावू लागल्या. त्यांत डॉक्टर असतो, बहुधा बीएएमएस झालेला. त्याला नाकं मुरडणारे माझे समव्यवसायी पुष्कळ आहेत. मी त्यांना फ्रीडम हाऊसची गोष्ट सांगते आणि संभाषण तिथं संपतं.

नोंदींचं म्हणाल तर २०१३ पासून केईएम, शीव, कोलकात्याचं एसएसकेएम आणि दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा केंद्र या ठिकाणी एक वेगळं काम झालं. सर्जन डॉ. नोभोजीत रॉय आणि त्यांचे सहकारी यांनी प्रत्येक ठिकाणी एक माणूस पाळीने बसवला. त्याने उपचार करायचे नाहीत, फक्त लिहायचं: रक्तदाब किती, श्वास किती, शुद्ध किती, पहिली तपासणी कधी, रक्त कधी, ऑपरेशन कधी, आणि शेवटी घरी गेला की नाही. दोन वर्षांत सोळा हजारांच्या वर जखमींच्या नोंदी झाल्या. दाखल झालेल्यांतला साधारण पाचातला एक महिनाभरात दगावत होता. पुष्कळसे रुग्ण आधी दुसऱ्या रुग्णालयात जाऊन मग इथं आलेले.

ही दुसऱ्या रुग्णालयातून येणारी मंडळी आमच्या ओळखीची. सोबत चिठ्ठी असते. कागद अर्धा फाडलेला, शिक्का स्पष्ट, सही अस्पष्ट, आणि मजकूर एकच: पुढील उपचारांसाठी पाठवत आहोत. कोणता उपचार झाला, कधी झाला, अपघात किती वाजता, काही नाही. ट्रॅनेक्सॅमिकची इंजेक्शनं आता कॅज्युअल्टीच्या कपाटात असतात, किंमत फारशी नाही, देणं अवघड नाही. अडतं ते वेळेपाशी. तीन तास कधीपासून मोजायचे? चिठ्ठीत नसेल तर नातेवाइकांना विचारायचं. नातेवाईक पनवेलहून, शहापूरहून, कुठल्याशा नर्सिंग होममध्ये दुपारभर बसून, गाडी शोधून, टोलनाक्यावर थांबून आलेले असतात. अपघात कधी झाला असं विचारलं की ते म्हणतात, “हे काय, आत्ता मघाशीच, मॅडम.”